टेपाडाखालची माणसं

दिघाशीत बायजाबाईला सगळे ओळखायचे ते तिच्या भेंडीमुळे. कोवळी, लवदार, बोटाएवढी भेंडी. भिवंडीच्या मंडईत तिची टोपली उतरली की गिऱ्हाइकं दुसरीकडे बघत नसत. नवरा मोरू भिवंडीत नारपोलीला कापडाच्या लूमवर होता. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, आणि सुट्टीच्या दिवशीही कानात खटखट चालूच, असं तो सांगायचा. सुताचं बारीक कस्पट वर्षानुवर्षं छातीत साठत गेलं आणि तो लवकरच गेला. त्यानंतर घरामागची ओहोळाकाठची वाडी आणि बायजाबाई, दोघींनीच एकमेकींना सांभाळलं. मुलगा हरेश मोठा झाला, दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायला लागला, पुढे तिथेच सुपरवायझर झाला. सून विनिता आली. नात मेघाली भिवंडीच्या कॉलेजात जायला लागली. घरात कशाची वाण उरली नाही, तरी बायजाबाईचे पाय उजाडलं की वाडीकडेच वळायचे.

वाडीच्या पलीकडे टेपाड होतं. तेही तिच्याच नावावर. टेपाड म्हणजे लांबट उंचवटा, वर दोन-चार झाडं, करवंदीची जाळी, गवत आणि दगड. तिथे कधी कुणी नांगर घातला नाही. गुरं चरायची, पोरं पतंग उडवायची, एवढाच त्याचा उपयोग. टेपाडाच्या मागची जमीन भिवंडीच्या मजीदभाईंनी घेतली होती. मजीदभाईंचं घराणं जुनं कोकणी, आजोबांपासून लूमचा धंदा. लूमचे दिवस बरे राहिले नाहीत म्हणून त्यांनी गोडाऊन बांधायचं ठरवलं. पण गोडाऊनपर्यंत ट्रक जायला रस्ता हवा, आणि तो टेपाडावरून तरी जाऊ शकत होता, नाहीतर वाडीतून.

हरेशने आईला विचारलं तेव्हा तिने भेंडी खुडता खुडता मान हलवली. "तिथं काय पिकतं? न्या तिकडून रस्ता. माझ्या वाडीला हात लावू नका म्हंजे झालं."

दिवाळी सरली आणि पोकलेन आला. चालवणारा दौलत नावाचा माणूस होता, मराठवाड्याकडचा, शांत. त्याला आधी ओहोळात पाइप टाकायचे होते. जिथे पाइप यायचे नेमकं तिथेच गावातल्या बायकांचा धुण्याचा दगड होता. मोठा, पाटासारखा सपाट, काळा. बायजाबाई लग्न होऊन आली त्या दिवसापासून त्यावर कपडे आपटत होती, आणि तिच्या सासूची सासूही त्याच्यावरच आपटायची.

"ए बाबा, नीट उचल रं," ती काठावरून ओरडली. "फुटला तर धुवू कशावर?"

दौलतने बकेटचे दात दगडाखाली हळूच सरकवले, दगड उचलला आणि काठावर ठेवताना तो उलटा पडला. खालच्या बाजूचा चिखल सरकन ओघळला. आणि बायकांच्या हातातली धुणी हातातच राहिली.

दगडावर माणसं होती. वर एका कोपऱ्यात सूर्य, दुसऱ्यात चंद्रकोर. त्याखाली ढाल-तलवार घेतलेले दोघे समोरासमोर. आणि सगळ्यात खाली, एकाला लागून एक, आडवी निजलेली माणसं. पाण्याने, साबणाने, धोपाटण्याने झिजली होती ती दगडाची पाठ. तोंड चिखलात होतं म्हणून अगदी कालच कोरल्यासारखं शाबूत राहिलं होतं.

दौलत पोकलेनमधून खाली उतरला आणि त्याने हात जोडले. बायजाबाई पुढे झाली, पदराने तिने त्या निजलेल्या माणसांवरचा चिखल पुसला.

"बाई गं," शेजारची एक म्हातारी म्हणाली, "आपुन यांच्या पाठीवर गोधड्या आपटल्या गं इतकी वर्सं!"

"पाठच घेतली आपुन," बायजाबाई म्हणाली. "तोंड तर राखलं ना."

त्या दिवशी दगड वाडीच्या कुंपणाला टेकवून ठेवला आणि काम पुढे सरकलं. दुसऱ्या दिवशी पोकलेन टेपाडाला भिडला. मुरूम, माती, मुरूम, आणि मग बकेटमधून मातीबरोबर लांब, पिवळट काहीतरी पडलं. दौलतने इंजिन बंद केलं. तो उतरून ओणवा झाला, बघितलं, आणि तिथूनच हरेशला हाक मारली. हाडं होती. माणसाची. एकाची नव्हती.

पोलीस आले, पंचनामा झाला. हाडं फार जुनी आहेत, अलीकडचा काही प्रकार नाही, एवढं कळल्यावर ते गेले आणि मृणाली मॅडम आल्या. त्या ठाण्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायच्या, सरकारी परवानगी घेऊन असल्या ठिकाणी खोदकाम करायच्या. त्यांच्याबरोबर हाताखालची माणसं होती, पण त्या स्वतःच सबंध दिवस खड्ड्यात बसून ब्रशने माती झाडायच्या. बायजाबाई त्यांना दुपारी ताक नेऊन द्यायची आणि काठावर बसून बघायची.

थोड्या दिवसांनी मृणाली मॅडमनी गावाला सांगितलं, ते असं: इथे कधीतरी लढाई झाली. तीन-चारशे वर्षांपूर्वीची असावी, कारण हाडांमध्ये शिशाच्या गोळ्या सापडल्या. जे पडले त्यांना तिथेच, एका रांगेत पुरलं, आणि वर तो दगड उभा केला. दगड पुढे केव्हातरी पडला, पुराने ओहोळात गेला, उपडा झाला. कोण कुणाशी लढलं, हे पुरलेले कुठल्या बाजूचे, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

"पण काहीतरी अंदाज असेल ना मॅडम?" भावेशने विचारलं. भावेश गावातला तरुण, गणपती मंडळाचा कार्यकर्ता.

"अंदाज करता येईल," त्या म्हणाल्या, "पण तो अंदाजच राहील. त्या काळी दोन्हीकडच्या फौजांमध्ये सगळ्या जातीधर्मांची माणसं असायची. लढाईच्या धामधुमीत सरणाला लाकडं मिळत नसत, म्हणून पुरलेला प्रत्येक जण अमुकच, असंही म्हणता येत नाही."

हे ऐकल्यावर ग्रामपंचायतीसमोर सभा भरली. मजीदभाईही आले. त्यांचं सामान येऊन पडलं होतं, मिस्त्री बसून होते, तरी आवाज न चढवता ते म्हणाले, "काम थांबलंय म्हणून मी भांडायला आलो नाही. तुम्ही म्हणाल तिथे या हाडांना इज्जतीने नेऊन ठेवू. खर्च माझा."

"कुठं न्यायचं पण?" सरपंचांनी विचारलं.

मग एकमत होईना. स्मशानात न्यावं तर कुणी म्हणे, ते आपले कशावरून? कब्रस्तानात न्यावं तर मजीदभाईच म्हणाले, "मी जमातीला काय सांगू? कोण आहेत, त्यांनाच ठाऊक." भावेश म्हणाला, "हे आपलेच वीर. मोठं स्मारक करू, कमान उभारू." एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "आपले असते तं जाळले असते. हे फिरंग्यांचे असणार. शत्रूसाठी गावानं रस्ता कशाला अडवायचा?" त्यावर गलका झाला. एकदा गलका झाला की आमच्याकडे तो लवकर शमत नाही.

बायजाबाई बायकांमध्ये मागे बसली होती. ती उठली तेव्हा हरेशला वाटलं, आई घरी निघाली. पण ती पुढे आली.

"मी येक सांगू?" ती म्हणाली.

बायजाबाईचा थोरला भाऊ चांगदेव लढाईत गेला, हे गावात फक्त जुन्या माणसांना माहीत होतं. तिचं माहेर शहापूरकडचं. भाऊ एकाहत्तरच्या लढाईत पंजाबच्या सीमेवर होता. तार आली, आणि पुढे काही दिवसांनी त्याची ट्रंक घेऊन एक हवालदार आला. बायजाबाई तेव्हा नवी नवरी, माहेरी आलेली. तिने त्या हवालदाराला पाणी दिलं होतं.

"माझ्या बापानं त्याला इचारलं, माझ्या पोराला कुठं ठेवलाव? तो बोलला, तिथंच बाबा, सगळ्यांना येकत्र अग्नी दिला. बाप पुढं काय बोललाच न्हाय. हवालदार चहा पिऊन गेला. तो गेल्यावर माझी आई उठली, म्हणाली, अवो, गावाचं नाव तरी इचारायचं व्हतं. आमी धावलो. पण येष्टी गेली व्हती. आई मरेपर्यंत तेच बोलायची. नाव तरी इचारायचं व्हतं. म्हंजे हात जोडताना तोंड कुठं करायचं ते कळलं असतं."

ती आणखी एक पाऊल पुढे आली.

"माझा भाऊ तिथं परकाच व्हता ना? मराठी बोलणारा, तांदळाची भाकर खाणारा. तिथल्या लोकांनी म्हटलं असल का, ह्यो कुठला कोण, याला हलवा, आमाला रस्ता पायजे? म्हटलं असल तर माझ्या भावाची राख पन कुठं ऱ्हायली न्हाय. न्हाय म्हटलं असल तर तो अजून तिथं हाय." तिने टेपाडाकडे हात केला. "हे कोनाचे, मना म्हाईत न्हाय. पन यांच्या आयांनी पन कोणाला तरी इचारलं असल, कुठं ठेवलाव म्हणून. यांना हलवू नका. रस्ता माझ्या वाडीतून न्या."

हरेश ताडकन उभा राहिला. "आये, काय बोलतेस? वाडीतून?"

"वाडीतून."

"आणि तू काय करशील? भेंडी कुठं लावशील?"

"बघू," ती म्हणाली आणि घराकडे निघाली.

सभेने शेवटी तेच ठरवलं, मजीदभाईंनीही मान डोलावली. पण हरेशचा राग खोटा नव्हता. बाप गेल्यावर त्या वाडीने त्याला वाढवलं होतं. पहाटे टोपल्या भरायला तोही उठायचा, शाळेच्या आधी मंडईत आईबरोबर जायचा. आणि त्याने मनात धरलं होतं की एक दिवस त्या वाडीच्या कडेला नवं घर बांधायचं, वर गच्ची, गच्चीवरून आईला तिचे वाफे दिसतील. आता ते वाफे तीच कुणा अनोळखी हाडांसाठी देऊन टाकत होती. तो आईशी बोलेनासा झाला. जेवायला बसला की ताटाकडे बघून जेवायचा. विनिताने दोघांमध्ये पुष्कळ येरझाऱ्या घातल्या, पण त्याचं एकच पालुपद होतं: "जिवंत माणसांचं काय? त्यांचा विचार कोण करणार?"

त्याचं म्हणणं चुकीचं आहे, असं बायजाबाईला वाटतही नव्हतं.

एका संध्याकाळी कामावरून येताना हरेश टेपाडापाशी थांबला. मॅडम सामान आवरत होत्या. त्यांनी त्याला ओळखलं आणि म्हणाल्या, "या ना, तुमचीच जमीन आहे, तुम्ही कधी बघितलंच नाहीत."

तो काठावर उकिडवा बसला. रांगेतले सांगाडे आता मोकळे झाले होते. मॅडमनी एकाकडे बोट दाखवलं. "हा विशीतला असेल. दात बघा, झिजलेले नाहीत अजून."

हरेशने दात बघितले. मग त्याची नजर वर गेली. त्या पोराच्या डोक्याखाली एक दगड होता. गोल, ओहोळातला, पाण्याने गुळगुळीत झालेला.

"हा दगड इथे कसा?" त्याने विचारलं.

"आम्हीही तोच विचार करतोय. बाकी कुणाच्या डोक्याखाली नाही. कुणीतरी मुद्दाम आणून ठेवलाय. उशाला."

हरेशने मान वळवून ओहोळाकडे बघितलं. लढाई चाललेली, किंवा नुकती संपलेली, कोण कधी परत येईल त्याचा भरवसा नाही, आणि अशा वेळी कुणीतरी एक माणूस ओहोळापर्यंत गेला, चांगला दगड शोधला, तो घेऊन वर चढला आणि या पोराच्या डोक्याखाली ठेवला.

रात्री जेवताना त्याने ताटावरून मान वर केली. "आये, तिथं एकाच्या डोक्याखाली उशी ठेवलीय. दगडाची."

"कोनी सोबती असल त्याचा," बायजाबाई म्हणाली.

"हां," तो म्हणाला. "धुण्याचा दगड हाताने उभा राहायचा न्हाय. कंपनीतली हायड्रा क्रेन मागतो मी. माझा माणूस आहे, चालवेल नीट."

विनिताने सासूच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

मृणाली मॅडमनी सगळी नोंद केली, फोटो काढले आणि सगळ्यांना जसे होते तसे पुन्हा मातीखाली ठेवलं. पोकलेनच्या बकेटमध्ये आलेली हाडंही त्यांच्याजवळ पुरली. दौलत त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होता, पण सुट्टी काढून आला आणि माती त्याने फावड्याने लोटली. पोकलेन नको म्हणाला. मग हरेशने हायड्राला खुणा करत करत तो काळा दगड टेपाडाच्या टोकावर उभा केला. निजलेली माणसं खाली, सूर्य-चंद्र वर, जसं कोरणाऱ्याने योजलं होतं तसं.

शेजारी एक पाटी लावायची ठरली. पाटीवर काय लिहावं यावरून पुन्हा वाद झाला. भावेशला 'शूरवीर' हवं होतं. मॅडम म्हणाल्या, 'अज्ञात सैनिक' लिहू, तसाच रिवाज आहे.

"अज्ञात म्हंजे?" बायजाबाईने मेघालीला विचारलं.

"म्हणजे माहीत नसलेले, आजी."

"आपल्याला म्हाईत न्हायत. ज्यांनी पुरलं त्यांना तं म्हाईत व्हते ना?"

मॅडमनी वहीत लिहिलेला शब्द खोडला. आज त्या पाटीवर जे आहे ते असं आहे: 'येथे लढाईत पडलेली माणसे आहेत. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. ज्यांनी पुरले त्यांना माहीत होती.' भावेशला ते आधी बेचव वाटलं. पण नंतर पाटी रंगवून आणली ती त्यानेच, आणि रंग उडाला की तोच पुन्हा भरतो.

मजीदभाईंनी टेपाडाभोवती कमरेएवढी भिंत बांधून दिली. पहिल्या शुक्रवारी त्यांची बायको नूरी आली. डोक्यावरून दुपट्टा सारखा करून तिने दोन्ही हात पुढे धरले आणि ओठातल्या ओठात दुआ पुटपुटली. बायजाबाई झाडता झाडता थांबली.

"कोणासाठी वाचलंस गं?"

"सगळ्यांसाठी, मावशी," नूरी म्हणाली. "ज्याला पोचायचं त्याला पोचेल. तो हिशोब आपल्याकडे नाही."

बायजाबाईला हे पटलं. त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

वाडीचं मात्र वाईट वाटायचं ते वाटायचंच. रस्ता झाला. जिथे भेंडीचे वाफे होते तिथून ट्रक जायला लागले. उजाडलं की बायजाबाई सवयीने उठायची, मागचं दार उघडायची आणि समोर डांबर दिसायचं. एकदा मी तिला विचारलं, पस्तावा होतो का? (मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहतो.) ती म्हणाली, "व्हतो ना. भेंडी डोळ्यापुढं येते. मंग टेपाडावर जाते, तिथं जरा बरं वाटतं." टेपाडाच्या पायथ्याशी एक चिंचोळी पट्टी उरली होती. तिथे तिने थोडी भेंडी, थोडी झेंडूची रोपं लावली. मंडईत न्यायला पुरत नव्हती, पण घरी आणि टेपाडावर पुरत होती.

गोडाऊन चालू झालं आणि ट्रकवाले यायला लागले. कुठून कुठून येतात! नंबर लागेपर्यंत सावली बघून बसतात. टेपाडावरची सावली चांगली, म्हणून ते भिंतीपाशी यायचे. बायजाबाई त्यांच्यावर नजर ठेवून असायची. विडी ओढून थोटूक आत टाकलं की संपलंच.

एके दुपारी एक सरदारजी आला. उंच, पांढरी होत चाललेली दाढी. बलकार सिंग नाव. त्याने भिंतीवर हात ठेवला, दगडावरची माणसं निरखली आणि विचारलं, "माताजी, ये किनकी जगह है?"

बायजाबाईचं हिंदी मंडईतलं. "लढाईवाले हैं. पुराने. नाव नहीं मालूम किसी को."

बलकार सिंगने चपला काढल्या. आत येऊन दगडापुढे डोकं टेकवलं. मग म्हणाला, "हमारे गाँव में भी ऐसी ही जगह है. बॉर्डर के पास. इकहत्तर की लड़ाई में जो फौजी मरे, उन सबको एक साथ अग्नि दी थी. वहीं समाधि बनी है. मेरी माँ रोज झाड़ू लगाती है, आपकी तरह. गाँव में शादी होती है तो दूल्हा-दुल्हन पहले वहीं मत्था टेकते हैं."

बायजाबाई खराट्यासकट धपकन भिंतीवर बसली.

बलकार सिंग घाबरला, पाण्याची बाटली घेऊन धावला. तोवर मेघाली कॉलेजातून आली होती. तिने आजीचं सगळं त्याला सांगितलं: भाऊ, हवालदार, न विचारलेलं गावाचं नाव. बलकार सिंगने तिथल्या तिथे गावी फोन लावला. पडद्यावर त्याची आई आली, बायजाबाईच्याच वयाची, ओढणी डोक्यावर. मुलाने पंजाबीत काय झालं ते सांगितलं आणि ती म्हातारी फोन हातात धरून तडक समाधीकडे चालत निघाली. इकडे ट्रकचा नंबर पुकारला गेला. बलकार सिंगने हातानेच सांगितलं, दुसऱ्याला घ्या.

तिथल्या भिंतीवर नावं कोरलेली होती. म्हातारी एकेका नावावर फोन धरत गेली आणि मेघाली वाचत गेली. बायजाबाई डोळे मिटून ऐकत होती. नावं संपली. चांगदेवचं नाव त्यात नव्हतं.

"नहीं है?" पलीकडून म्हातारीने विचारलं.

"नहीं," मेघाली म्हणाली.

म्हातारी म्हणाली, "बहनजी, इधर नहीं तो आगे के किसी गाँव में होंगे. पूरे बॉर्डर पर ऐसी जगहें हैं, और हर जगह कोई न कोई देखभाल करता है. यहाँ जो हैं, उनकी बहनें भी कहाँ आ पाईं? मैं ही उनकी बहन हूँ. आपका भाई भी अकेला नहीं होगा."

बायजाबाई रडली. तिला रडताना हरेशनेसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. मग तिने पदराने डोळे पुसले आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, "तुम झाडू मारती, मैं भी मारती. तुम्हारे इधर के सब मेरे भाई हैं. समजा ना?"

"समझ गई, बहनजी," म्हातारी हसली. "आइए कभी."

तो फोन झाला आणि मेघालीने मनावर घेतलं. पलटणीचं नाव आजीला तोंडपाठ होतं, तिच्या वडिलांनी ते शेवटपर्यंत म्हटलं होतं. मेघाली ठाण्याला माजी सैनिकांच्या कार्यालयात गेली, तिथून एका निवृत्त सुभेदारांकडे, तिथून दुसऱ्यांकडे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. शेवटी त्या पलटणीतल्या एका म्हाताऱ्या माणसाशी फोनवर बोलणं झालं. त्याला चांगदेव आठवत होता. रात्री पहाऱ्यावर असताना हळू आवाजात गाणी म्हणायचा, म्हणाला. आणि त्याने गावाचं नाव सांगितलं. बलकार सिंगच्या गावापासून दोन-तीन गावं पुढचंच.

मेघालीने ते नाव आजीला सांगितलं. बायजाबाईने ते पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं, अवघड उच्चार होता, जिभेवर बसेपर्यंत. मग अंगणात गेली आणि विचारलं, "उत्तर कुठं?" हरेशने हाताने दाखवलं. ती त्या बाजूला तोंड करून हात जोडून उभी राहिली. आपल्या आईसाठी, असं तिने नंतर विनिताला सांगितलं.

थंडीत जायचं ठरलं. हरेशने रजा टाकली. बलकार सिंगने कळवलं की स्टेशनवर तो स्वतः येईल आणि आधी त्याच्या घरी जेवण, मग पुढे. सगळं ठरलं आणि निघायच्या आदल्या आठवड्यात बायजाबाईने एकदम पाय मागे घेतला.

"टेपाडावर कोन बघणार? ट्रकवाले थोटकं टाकतात. झेंडूला पानी कोन घालणार?"

विनिता घालेल म्हणाली, भावेश बघेन म्हणाला. तिचं समाधान होईना. ही गोष्ट नूरीच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी ती नारपोलीहून रिक्षा करून आली, हातात नवाकोरा खराटा. "मावशी, तुम्ही जा. मी रोज येईन."

"रोज? येवड्या लांबून?"

"लांब कसलं? मजीद गोडाऊनला येतातच की, त्यांच्या गाडीत येईन. ते आत जातील, मी इथे उतरेन."

बायजाबाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग तिच्या हातातला खराटा घेतला, त्याच्या काड्या दाबून बघितल्या आणि परत दिला. "ह्यो लय कडक हाय. माती उकरंल. मी माझा देते. आन् बघ, दगडाजवळ झाडताना आडवं मारायचं, उभं न्हाय. गवत मुळासकट काढू नको, माती सुटते. आन् सरदार लोकांना बसू दे, पन विडीवाल्यांना न्हाय. ऐकायचे न्हायत, तू जोरात बोल."

"मी जोरात बोलते, मावशी. मजीदना विचारा."

बायजाबाई हसली. आपला खराटा तिने आणून नूरीच्या हातात दिला. नूरीने दुपट्टा कमरेला खोचला आणि तिच्यादेखत दगडाभोवती झाडायला सुरुवात केली. बायजाबाई भिंतीवर बसून बघत राहिली, मध्येच म्हणत राहिली, "आडवं गं, आडवं."